फिरणे एक, क्रियापदे अनेक

भायखळ्याच्या राणीच्या बागेत रोज सकाळी माणसे फिरायला येतात. त्यांच्या डोक्यावर घारी फिरत असतात. घरी परतल्यावर छताचा पंखा फिरतो, मुलांच्या पुस्तकात पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि महिनाअखेरीस वाण्याचे बिल पाहून डोकेही फिरते. मराठी माणूस या सर्व ठिकाणी 'फिरणे' हे एकच क्रियापद निर्धास्तपणे वापरतो. इंग्रजीत मात्र ही सोय नाही. तेथे रोटेट, रिव्हॉल्व्ह, स्पिन, टर्न, रोल, सर्कल, व्हर्ल अशी रांगच उभी राहते आणि शब्दकोश उघडला तर बहुतेकांपुढे 'फिरणे' हाच अर्थ आढळतो.

याचा फटका बसतो तो मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला इंग्रजीतून विज्ञान शिकू लागणाऱ्या विद्यार्थ्याला. पृथ्वीला स्वतःभोवती फिरण्यास एक दिवस लागतो आणि सूर्याभोवती फिरण्यास एक वर्ष, हे त्याला पक्के ठाऊक असते. परंतु उत्तर लिहिताना रोटेट आणि रिव्हॉल्व्ह यांची अदलाबदल झाली की दिवसाचे वर्ष होते आणि वर्षाचा दिवस. ज्ञान असते, शब्द हुकतो.

वास्तविक या दोन शब्दांतील भेद त्याने मराठीत आधीच शिकलेला असतो. शालेय भूगोलात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला 'परिवलन' म्हणतात आणि सूर्याभोवती फिरण्याला 'परिभ्रमण'. परिवलन म्हणजे रोटेशन, परिभ्रमण म्हणजे रिव्होल्यूशन. फिरणाऱ्या वस्तूचा आस तिच्या आतच असेल तर रोटेट आणि ती बाहेरच्या एखाद्या केंद्राभोवती फेरी घालत असेल तर रिव्हॉल्व्ह, असा हा साधा निकष आहे. देवळात गाभाऱ्याभोवती घातलेली प्रदक्षिणा हे रिव्हॉल्व्हचे उदाहरण, तर घरच्या गणपतीची आरती संपताना उभ्या जागी स्वतःभोवती घेतलेली गिरकी हे रोटेटचे. रोटेट हा शब्द चाक या अर्थाच्या 'रोटा' या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि संस्कृतातील 'रथ' हा त्याच कुळातला. चाक आपल्या आसाभोवती फिरते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

हा भेद केवळ गुणांपुरता नाही. चंद्राला स्वतःभोवती एकदा फिरण्यास सुमारे २७.३ दिवस लागतात आणि पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करण्यासही तेवढाच काळ लागतो. म्हणूनच त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. दोन्ही गतींना एकच क्रियापद वापरले तर हे कारण सांगताच येणार नाही.

मात्र व्यवहारातील इंग्रजी विज्ञानाइतकी काटेकोर नाही. रिव्हॉल्व्हरमधील गोळ्यांचे नळकांडे आपल्याच आसाभोवती फिरते, हॉटेलातील 'रिव्हॉल्व्हिंग डोअर'ही तसेच आणि यंत्राचा वेग मोजतानाही 'रिव्होल्यूशन्स पर मिनिट' असेच म्हणतात. म्हणजे रिव्हॉल्व्ह कधीकधी रोटेटच्या जागी चालून जातो. परंतु 'पृथ्वी सूर्याभोवती रोटेट होते' हे वाक्य खटकतेच. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत तर दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवणेच श्रेयस्कर. रोटेटला आणखी एक अर्थ आहे, पाळीपाळीने बदलण्याचा. पिकांची फेरपालट आणि कामगारांच्या बदलत्या पाळ्या यांना इंग्रजीत रोटेशन म्हणतात ते यामुळेच.

दुसरा निकष वेगाचा आणि तेथे येतो स्पिन. भायखळ्याला हा शब्द नवा नाही. खटाव मिलसारख्या गिरण्या या भागात होत्या आणि गिरणी उद्योगाला तंत्रज्ञ पुरवणारी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये भायखळ्यातच स्थापन झाली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली आणि आज वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. गिरणगावातील घरोघरी 'स्पिनिंग' म्हणजे सूतकताई हे मुलांनाही ठाऊक होते आणि स्पिनचा मूळ अर्थ तोच आहे. कापसाचे तंतू ओढून त्यांना पीळ द्यायचा, तर चाती गरगर फिरलीच पाहिजे. 'वेगाने फिरणे' हा अर्थ पुढे त्यातूनच रूढ झाला. म्हणून भोवरा, कपडे पिळणाऱ्या यंत्रातील पिंप आणि फिरकी गोलंदाजाचा चेंडू यांना स्पिन शोभतो. दर तासाला एकदा सावकाश फिरणाऱ्या वस्तूला तो शोभत नाही.

तिसरा निकष, फेरा पूर्ण होतो का? टर्नला पूर्ण फेऱ्याची अट नाही. मान वळवणे, पान उलटणे, कुलपात किल्ली फिरवणे या सर्वांना टर्न चालतो. फिरकी चेंडू हवेत स्पिन होत येतो आणि टप्पा पडल्यावर टर्न होतो. पहिल्या वेळी तो स्वतःभोवती गरगरतो, दुसऱ्या वेळी केवळ दिशा बदलतो. टर्नचे मूळही कारखान्यातले आहे. लाकूड किंवा धातू फिरवून घडवणाऱ्या लेथशी त्याचे नाते आहे आणि तेथे काम करणारा कारागीर 'टर्नर' म्हणून ओळखला जातो.

उरलेले शब्द जागा पाहून ठरतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी भायखळ्यावरूनच गेली. तिची चाके आसाभोवती रोटेट होत होती आणि रुळांवरून पुढे रोल होत होती. फिरता फिरता पुढे सरकणे म्हणजे रोल. आकाशात घिरट्या घालणारी घार सर्कल करते. वावटळीत सापडलेला पाचोळा व्हर्ल होतो, कारण त्या फिरण्यात वेग असतो आणि गोंधळही.

थोडक्यात, अडचण मराठीच्या दारिद्र्याची नाही. परिवलन, प्रदक्षिणा, गिरकी, गरगरणे, वळणे, घरंगळणे, घिरट्या घालणे, भिरभिरणे असे शब्द मराठीत आहेतच. सर्वांना 'फिरणे' या एकाच छत्रीखाली उभे करण्याच्या सवयीमुळे ते वेळेवर आठवत नाहीत, इतकेच. म्हणून 'फिरणे'चे थेट इंग्रजी करण्याआधी हे फिरणे नेमके कोणते, असे मराठीतच विचारावे. तेथे नेमका शब्द सापडला की इंग्रजी क्रियापद निवडणे अवघड राहत नाही. राणीच्या बागेत सकाळी येणारी माणसे मात्र यांपैकी काहीच करीत नाहीत. ती फक्त चालतात आणि त्यासाठी इंग्रजीत 'वॉक' पुरतो.