नेट फास्ट आहे, तरी व्हिडिओ कॉल का अडकतो? राउटरमधलं क्यूओएस समजून घ्या

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. ती कनेरगाव नाक्याला घरी, मी पुण्यात. आदल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सराव करत होतो, तर दर दोन मिनिटांनी चित्र थिजायचं. "दादा, तुझा आवाज तुटतोय." बाबा म्हणाले, मोठा प्लॅन घेऊन टाकू. पण डाउनलोड ३० एमबीपीएस येत होतं आणि एका व्हिडिओ कॉलला २-३ एमबीपीएस पुरतात. मग अडत होतं कुठे?

अपलोडमध्ये. ते होतं फक्त ५ एमबीपीएस, आणि त्याच वेळी आईच्या फोनवरून लग्नाचे व्हिडिओ बॅकअप होत होते.

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे, म्हणून उदाहरण नाक्याचंच घेतो. समजा हिंगोली-वाशीम रस्त्यावर एकच लेन उघडी आहे आणि हळदीचे वीस ट्रक रांगेत उभे आहेत. मागून ॲम्ब्युलन्स आली. गाडी छोटी, पण तीसुद्धा ट्रकांच्या मागेच अडकणार. तुमच्या कॉलच्या आवाजाचं पॅकेट म्हणजे ही ॲम्ब्युलन्स.

आता थोडं गणित. मोडेममध्ये १ मेगाबाइट डेटा रांगेत थांबलाय असं धरू. म्हणजे ८ मेगाबिट. ५ एमबीपीएसने तो बाहेर पडायला १.६ सेकंद लागतात. बोलताना एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की खटकायला लागतं, आणि इथे तर दहापट! या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. प्लॅन मोठा केला तरी बॅकअप ती नवी जागाही भरून टाकतो. रांग लवकर सरकते, पण संपत नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का, ते फोनवरच बघता येतं. फास्ट डॉट कॉम उघडा, जास्तीची माहिती दाखवणारं बटण दाबा आणि लेटन्सी बघा. मग दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावून पुन्हा टेस्ट करा. आकडा ३०-४० वरून थेट काही शेकड्यांत गेला, तर रांग तुमच्याच घरात आहे. घरातली बाकी सगळी डिव्हाइस बंद असतानाही रोज संध्याकाळी आकडा जास्तच येत असेल, तर अडचण बहुधा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. तिथे राउटरचं कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. (आणि हो, टेस्ट राउटरजवळ बसून करा. दोन भिंतींपलीकडचा वायफाय हा वेगळाच विषय आहे.)

आता उपाय. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका. नेमका पत्ता राउटरच्या खाली चिकटवलेला असतो. लॉगिन करून क्यूओएस शोधा. काही राउटरमध्ये ते बँडविड्थ कंट्रोल नावाने असतं. तिथे एकूण अपलोड-डाउनलोड स्पीड विचारतात. बरेच जण इथेच चुकतात आणि प्लॅनवरचा आकडा टाकतात, किंवा त्याहून मोठा. टाकायचा असतो प्रत्यक्ष टेस्टमध्ये आलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्के. कारण प्राधान्य ठरवायचं तर रांग तुमच्या राउटरमध्येच लागली पाहिजे. मोडेममधल्या रांगेवर राउटरचा ताबा नसतो. आमच्याकडे अपलोडला ४.३ टाकलं आणि बहिणीच्या लॅपटॉपला हाय प्रायोरिटी दिली. घरातल्या सगळ्यांनाच हाय दिलं, तर कोणालाच दिलं नाही असं होतं.

डाउनलोडवरचा ताबा मात्र आडून असतो. पॅकेट आधीच येऊन पोचलेलं असतं, त्यामुळे राउटर काही पॅकेट टाकून देतो आणि समोरचा सर्व्हर ते ओळखून वेग कमी करतो.

राउटर बदलायचाच असेल, तर एसक्यूएम किंवा केक असलेला बघा. केक २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलं. ते प्रत्येक कनेक्शनची रांग वेगळी ठेवतं, त्यामुळे प्रायोरिटी हाताने द्यायची फारशी गरज उरत नाही. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर हे फुकट टाकता येतं. एक अडचण आहे: स्वस्त राउटरचा प्रोसेसर कमी पडतो आणि १०० एमबीपीएसच्या वरच्या प्लॅनवर क्यूओएस सुरू केलं की स्पीडच घटू शकतो. तसं झालं तर फक्त अपलोडला लावून बघा.

कंपनीने दिलेल्या डब्यात क्यूओएस नसेल, तर त्याच्यामागे स्वतःचा राउटर जोडा आणि सगळे फोन त्याच्यावरच घ्या. एक जरी जुन्या वायफायवर राहिला, तर तो ट्रक नाक्याला वळसा घालून पुढे जाऊन उभा राहतो.

बहिणीने हे सगळं सेटिंग स्वतःच केलं, मी फक्त फोनवर सांगत होतो. इंटरव्ह्यू चाळीस मिनिटं चालला. आईचा बॅकअप तेव्हाही सुरूच होता.