आधी गणित, मग अर्थशास्त्र

"चाचा, मराठीत बीए झाले, आता अर्थशास्त्रात एमए जमेल?" चांदवडच्या आमच्या गल्लीतल्या मुलीने विचारले. वर्षभरात प्रवेश मिळाला नाही, तर बीएड, असे घरचे ठरलेले. मीही नुसता बीए, त्यात कवी. तरी चार जाणत्यांना विचारून सांगितले, जमेल, पण आधी गणित.

आपल्या बाजार समितीतच पाहा. कांद्याची आवक थोडी घटली की भाव भलताच चढतो, कारण महागला म्हणून फोडणीतला कांदा फारसा कमी होत नाही. भाव एक टक्का वाढल्यावर मागणी किती टक्के घटते, ती मागणीची लवचिकता. एमएच्या वर्गात ती विकलनाने काढतात. बाजारातले आकडे पारखायला संख्याशास्त्र लागते. म्हणून पहिले काही महिने अकरावी-बारावीचे गणित, मग सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र. व्याख्या पाठ करणे सोपे, म्हणून बहुतेक जण नेमके उलटे करतात! गझलेच्या मात्रा मोजणाऱ्यांनी तरी आकड्यांना भिऊ नये.

वि. म. दांडेकर मूळचे संख्याशास्त्राचे. पुण्याच्या गोखले संस्थेत नीलकंठ रथांसोबत त्यांनी केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताकडून अर्थशास्त्राकडे येणे त्या मानाने सोपे. भाषेकडून येणाऱ्याला वेळ हवा.

प्रवेशाच्या अटी सगळीकडे सारख्या नसतात. कुठे कोणतीही पदवी चालते, कुठे गणित झालेले लागते. अर्ज भरण्याआधी तेवढे वाचावे.