खोकताना लघवी निसटते : उपाय आणि शस्त्रक्रिया

श्रोतेहो, आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे पुष्कळांना वाटेल. पण काही दुखणी अशी असतात की, ती न बोलल्यानेच वाढतात. खोकला आला, शिंक आली, हसू फुटले, पाण्याचा हंडा उचलला, की थोडी लघवी आपोआप निसटते. लुगडे भिजते. बाई कुणाला सांगत नाही. लग्नकार्याला जाणे टाळते, एस.टी.चा लांबचा प्रवास टाळते. शिक्षिका असेल तर शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. घरातली वडीलधारी म्हणते, "अगं, लेकरं झाल्यावर असं व्हायचंच!" तिनेही तेच मुकाट्याने सोसलेले असते.

मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु हे दुखणे काय आहे आणि त्यावर कोणते उपाय आहेत, एवढे समजावून देणे शिक्षकाच्या कामात बसते.

आता असे पहा. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची सोंड आठवेल. सोंडेची दोरी ताणलेली असते तोवर सोंड वर राहते आणि पाणी मोटेत टिकते. दोरी सैल पडली, की सोंड खाली येते आणि मोट थारोळ्यापर्यंत पोचण्याआधीच पाणी विहिरीत सांडते. मूत्राशयाचेही काहीसे तसेच आहे. मूत्राशय ही पिशवी; तिच्या तोंडाला एक आखूड नळी. ही पिशवी आणि नळी ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या झोळीवर टेकलेली असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. पाळी बंद झाल्यावर तिथला जोम कमी होतो. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन किंवा रोजची जड ओझी यांची भर पडते. झोळी सैल झाली, की पिशवीचे तोंड खाली सरकते, आणि खोकल्याने पोटात दाब वाढला की नळी मिटलेली राहात नाही.

परंतु लघवी गळण्याची सगळीच कारणे ही नव्हेत. काही जणींना एकाएकी अनावर घाई होते आणि मोरीपर्यंत पोचण्याआधीच लघवी होते. ते दुखणे वेगळे, त्याचे उपचारही वेगळे. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी पाझरत असेल, तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडलेले असू शकते. तिथे विलंब न करता मोठ्या रुग्णालयात जावे. लघवीतला जंतुसंसर्ग आणि मधुमेह यांचीही तपासणी आधी झाली पाहिजे. निदान चुकले, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

पहिला उपाय सुरीचा नाही, व्यायामाचा आहे. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी सन १९४८ मध्ये तो पुढे आणला. लघवी रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो, तेच आवळायचे, काही क्षण धरायचे आणि सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, आणि तेही तीन महिने नेमाने. भाकरी थापताना, बसची वाट पाहताना, कुठेही करता येतो. मात्र लघवी करता करता मध्येच अडवण्याची सवय लावू नये. पुष्कळ जणींचे काम एवढ्यावरच भागते. वजन उतरवणे आणि खोकला बरा करणे यांचाही उपयोग होतो. पाणी तोडणे हा मात्र उपाय नव्हे.

व्यायामाने भागले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. तोही शक्यतो आणखी मूल नको असेल तेव्हा. सन १९६१ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन बर्च यांनी एक रीत प्रसिद्ध केली. मूत्राशयाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंस योनीच्या भिंतीत टाके घालायचे आणि ते पुढच्या हाडामागच्या चिवट पट्ट्याला बांधायचे. म्हणजे सोंडेची दोरी पुन्हा वर बांधण्याचाच हा प्रकार! त्यासाठी पूर्वी ओटीपोटावर मोठा छेद घ्यावा लागे. सन १९९१ पासून हेच काम दुर्बिणीतून होऊ लागले. पूर्ण भूल देतात, पोटात वायू भरून जागा करतात, तीन-चार लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे घालतात, आणि पडद्यावर पाहून टाके बांधतात. शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून टाका आत गेला नाही ना, हेही पाहता येते.

छेद लहान, म्हणून वेदना कमी आणि घरी लवकर जाता येते. पण आतले काम तेवढेच मोठे असते, हे विसरू नये. सुमारे दीड महिना हंडा, मोळी, पोते उचलायचे नाही. हे घरच्या मंडळींनीही ऐकून ठेवावे. धोकेही आहेत : मूत्राशयाला इजा, पुढे लघवी पूर्ण न होणे, नव्याने घाई लागणे, कधी योनीची मागची भिंत खाली उतरणे. मोठ्या छेदाच्या जुन्या रीतीचा अनुभव असा की, पहिल्या वर्षात शंभरांतल्या ८५ ते ९० जणींना गुण येतो आणि पाच वर्षांनंतर सुमारे ७० जणींचा टिकतो. दुर्बिणीची रीतही कुशल हातांत त्याच तोलाची ठरलेली आहे. मात्र हात सरावलेला हवा.

स्वीडनचे डॉ. उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये कृत्रिम जाळीची पट्टी नळीखाली बसवण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. पण काही स्त्रियांना त्या जाळीचा कायमचा त्रास झाला, आणि २०१८ मध्ये ब्रिटनने तिच्या वापरावर कडक बंधने घातली. त्यामुळे बर्च यांच्या रीतीकडे पुन्हा लक्ष गेले आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पोटावरच्या पडद्याची पट्टी काढून तिचा आधार देण्याचीही एक रीत आहे.

तेव्हा डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत : माझे दुखणे नेमके कोणते? व्यायाम पुरेसा झाला का? जाळी घालणार का? आणि अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या आहेत? असे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावातल्या महिला मंडळात, आशाताईंच्या मदतीने, हा विषय एकदा निघू द्या. दुखण्याला नाव मिळाले, की बाई दवाखान्याची पायरी चढते. बाळंतपण हा अपराध नव्हे, की त्याची शिक्षा तिने जन्मभर भोगावी.