कागदावर नावं, डबे कोरे

पहाटे साडेपाच

मे महिन्यात पालीत दिवस लवकर सुरू करावा लागतो. नऊ वाजले की महामार्गाकडून झळा यायला लागतात, आणि त्या वेळी डबा उघडला तर आतली सगळी ओल उडून जाते. म्हणून माळवदाच्या मधल्या खोलीत, रांजणाशेजारच्या टेबलापाशी मी उजाडायच्या आतच बसतो. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, कारण मुंग्या. कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला मुंग्या एका रात्रीत संपवतात.

टेबलावर पाच डबे आहेत आणि पाचांतही टॅरंटुला, म्हणजे हातभर लांबून पाहिलं तरी केस दिसावेत एवढाले कोळी. बीडचा एक विद्यार्थी नोकरीसाठी बाहेरदेशी गेला, जाताना हे माझ्याकडे सोपवून गेला. सोबत नोंदणीचा कागद आणि हाताने लिहिलेली यादी दिली. डब्यांवरची स्केचपेनची अक्षरं मात्र पाणी फवारून फवारून पार धुऊन गेली आहेत. शिवाय यादीत नावं चार आणि डबे पाच.

पहिलं काम पाण्याचं. कोण कुठल्या जातीचा हे ठाऊक नसलं तरी तो तहानलेला आहे की नाही हे त्याच्या पोटावरून कळतं. पोट पाठीवरच्या कवचापेक्षा बारीक आणि सुरकुतलेलं असेल, तर वाटी कोरडी राहून चालत नाही. वाटी म्हणजे बाटलीचं झाकण. धुतो, भरतो, जागेवर ठेवतो.

सकाळी सात

सुट्टीला आलेला भाचा उठून थेट टेबलाशी येतो. “मामा, ह्यो मेलाय जणू!” दुसऱ्या डब्यातला कोळी पाठीवर उताणा पडलाय, आठही पाय वर.

मेलेला कोळी असा पडत नाही. तो पोटावरच असतो आणि पाय अंगाखाली मुडपून घेतलेले असतात. उताणा पडलेला कात टाकत असतो. त्याला हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, डबा हलवायचा नाही. काल टाकलेला रातकिडा आत फिरत असेल तर तेवढा चिमट्याने अलगद काढून घ्यायचा, कारण या अवस्थेत रातकिडाच कोळ्याला कुरतडतो. भाचा गुडघ्यांवर बसून पाहत राहतो. तास-दीड तासात कवच झाकणासारखं उघडतं आणि जुन्या पायांतून नवे पाय हातमोज्यातून बोटं काढावीत तसे बाहेर येतात. सुळे पांढरेशुभ्र असतात. ते तांबडे होत होत काळे पडेपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, खाणं बंद.

नऊ

रातकिडे मी घरीच टोपलीत पाळलेत, अंड्यांच्या ट्रेमध्ये, गाजर आणि पिठावर. शेतातून पकडून आणणं सोपं होतं. पण आपल्याकडे कपाशीवर, भाजीपाल्यावर काय काय फवारतात हे आपल्याला माहीत आहे. फवारणीतून वाचलेला किडा कोळ्याला वाचवत नाही. डासांची कॉइलही याच कारणाने या खोलीत लावत नाही.

साडेदहा ते एक

हा दिवसातला खरा वेळ. कात हाती आलीय.

ओळख पटवायला कातीइतका प्रामाणिक पुरावा नाही. जिवंत कोळ्याला भिंगाखाली धरता येत नाही, कातीला येतं. कोमट पाण्याचे दोन थेंब सोडून ती मऊ करतो आणि बशीत पाय पसरून ठेवतो. पोटाचा भाग पातळ कागदासारखा असतो, तो चिमट्याने उलगडून आतल्या बाजूने पाहिला की मादीची शुक्राणू साठवायची पिशवी दिसते. हिच्यात दिसली. म्हणजे हा नव्हे, ही. अशी मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते, तर नर वयात आल्यावर फार काळ टिकत नाही.

नावाकडे जाताना मी आधी खंड विचारतो. पोटावर टक्कल पडलेलं असेल तर कोळी अमेरिका खंडांतला, कारण तिकडचे बहुतेक टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस मागच्या पायाने झाडतात. ते डोळ्यांत गेले तर दवाखाना गाठावा लागतो, म्हणून चष्मा. आपल्याकडच्या कोळ्यांना हे केस नसतात. ते आधी पळतात, मग चावतात. झाडांवर राहणाऱ्या आपल्या पोएसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत वांब येतात, ते कधी कधी कित्येक दिवस टिकतात. या वंशातली निळी जात पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वे आवारात सापडलेल्या एका नमुन्यावरून नोंदवली. ती पुन्हा जंगलात दिसली थेट 2001 मध्ये, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या दरम्यान.

आजच्या मादीच्या कातीवर लांब, टोकाला वळलेले केस आहेत. यादीतली मध्य अमेरिकेतली कुरळ्या केसांची ‘त्लिल्टोकात्ल अल्बोपिलोसस’ ती हीच. लाल गुडघ्यांची मेक्सिकोची ब्रॅकीपेल्मा पहिल्या डब्यात आहे, ती लहान पोरालाही ओळखू येते. पण तिथेही सावध राहावं लागतं. 2017 मध्ये मेंडोझा आणि फ्रांके या संशोधकांनी लाल गुडघ्यांच्या कोळ्यांची नीट तपासणी केली आणि ‘स्मिथी’ म्हणून घरोघरी पाळलेले पुष्कळसे कोळी खरं तर ‘हॅमोरी’ निघाले. तोंडापुढच्या पट्ट्यांवरून फरक करतात, आणि त्या पट्ट्या प्रत्येकात नीट दिसतातच असं नाही.

तिसरीने कोपऱ्यातून कोपऱ्यात जाळं विणलंय, पाय निळे, पोट केशरी. व्हेनेझुएलाच्या पाराग्वाना द्वीपकल्पातली ही क्रोमॅटोपेल्मा कोरड्या रानातली आहे. पालीचा उन्हाळा तिला मानवतो, ओली माती मानवत नाही. चौथी झाकणाला चिकटून राहते, पायांची टोकं गुलाबी. मारिया सिबिला मेरियनने 1705 च्या सुरिनामवरच्या ग्रंथात पक्षी खाणारा कोळी रंगवला, त्या चित्रामुळे या वंशाला पक्ष्यावरून ‘अविक्युलारिया’ नाव पडलं. हिला उभा डबा आणि खेळती हवा लागते. दमट, कोंडलेल्या डब्यात ही मरते. उलट जमिनीवरच्या कोळ्याला उंच डबा दिला तर तो चढतो, पडतो आणि पोट फुटून जातो. नाव न कळता फक्त वागणं पाहिलं, तरी डबा कसा असावा हे कळतं. मी आधी डबे बदलले, ओळख मागाहून पटवत बसलो.

दुपारी तीन

वीज गेली. माळवदाची जाड माती आता कामाला येते. बाहेर अंग भाजतंय, आत रांजणाजवळ हात थंड लागतो. डब्यांवर ओलं फडकं टाकायचा मोह आवरतो, हवेची भोकं बंद होतात.

याच वेळात कागद काढतो. लाल गुडघ्याची आणि कुरळ्या केसांची, दोन्ही आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आपल्या वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, 2024 मध्ये नियम आले, आणि असे प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक झालं. नोंदीत जात लिहावी लागते. डब्यावर नाव नसलं तर तो कागद कुठल्या जिवाचा, हे कसं सांगणार? 2021 च्या जुलैत चेन्नईच्या टपाल कचेरीत पोलंडहून आलेलं एक पार्सल कस्टम्सने उघडलं. थर्माकोलच्या खोक्यात, चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या नळ्यांमधून 107 जिवंत पिल्लं निघाली. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांना बोलावून ओळख पटवावी लागली आणि पार्सल परत पाठवायचं ठरलं. एवढाल्या पिल्लांचं पुढे काय झालं असेल, हे मनातून जात नाही.

संध्याकाळी सात

पाचवा डबा. तपकिरी, लहान, दिवसभर बिळात. पोटावर टक्कल नाही. तिन्हीसांजेला दाराशी येतो आणि सावली पडली की मागे सरतो. हा इथलाच कुठला असेल का, ही काळजी मला सगळ्यात जास्त आहे. आपल्याकडचे जमिनीवरचे टॅरंटुला एकमेकांसारखे दिसतात. मुंबईच्या आरे वसाहतीवरून ज्याचं नाव ठेवलं तो ‘हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिस’सुद्धा नुसत्या फोटोवरून ओळखावा असा नाही. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो आणि कुठे सापडला ते गाव लागतं. बालाघाटाच्या डोंगरात किंवा घाटात सोडून देणं हे उत्तर नाही. परका असेल तर तो तिथल्यांच्या मुळावर येईल.

रात्री साडेनऊ

विद्यार्थ्याला निरोप पाठवतो: पाचवा कुठून आला, कोणाकडून, कोणत्या महिन्यात? जे असेल ते खरं सांग, बाळा, उद्या मी वन विभागाला कळवणार आहे.

मग चिकटपट्ट्या कापतो आणि या वेळी शिसपेन्सिलने लिहितो, पाण्याने जात नाही. चार डब्यांवर जात, कात टाकल्याची तारीख, नर की मादी. लाल गुडघ्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. पाचव्यावर: जात ठरलेली नाही, बिळात राहतो, जोडी लावू नये, कात जपून ठेवावी.