क्रांती चौकातली धूळ आणि नाकाचे पहारेकरी

क्रांती चौकात सिग्नलला थांबलं की जालना रोडची धूळ नाकात जाणारच. तिला अडवतो नाक-श्वासनलिकेतला रोमक स्तंभीय अभिस्तर, म्हणजे पेशींचं अस्तर. दिसतो अनेक थरांचा, असतो एकाच थराचा! एकेका पेशीवर साधारण 200 रोमक, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते धूळ चिकटलेला कफ घशाकडे ढकलतात. फुफ्फुसांतल्या वायुकोशांत मात्र सरल पट्टकी अभिस्तर, इतका पातळ की हवा आणि रक्तात अंतर उरतं जेमतेम अर्धा मायक्रॉन. नववीच्या पुस्तकात हे सगळं एका तक्त्यात उरकतात, फार अन्याय आहे हा.

मूत्रपिंडाच्या नलिकांत अभिस्तर घनाकार, आतड्यात स्तंभीय. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं.

सिगारेटवाल्यांच्या श्वासनलिकेत रोमक पेशी जाऊन त्वचेसारखे थर येऊ लागतात. कफ ढकलणारं कुणी उरत नाही, म्हणून तो सकाळचा खोकला.

त्वचेवर आणि तोंडात घर्षण जास्त, म्हणून तिथे मुळातच थरांवर थर, स्तरित पट्टकी. तंबाखू-गुटख्याचा मारा नेमका यावरच. आपल्या शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगावर उपचार होतात. त्यातले बहुतेक कर्करोग याच पेशींतून सुरू होतात.