अपुऱ्या दिवसांचे बाळ, शॉक आणि कॉर्टिसॉल

वर्धा शहराजवळ सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९४५ साली सुरू केलेले कस्तुरबा रुग्णालय प्रारंभी स्त्रिया व मुलांसाठीच होते. १९६९ साली त्याच्या जोडीला देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. खेड्यापाड्यांतील रुग्णांची सेवा करणाऱ्या अशा रुग्णालयांत डॉक्टरांची मोठी कसोटी लागते ती अपुऱ्या दिवसांचे, म्हणजे ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ शॉकमध्ये गेल्यावर.

शॉक म्हणजे केवळ रक्तदाब उतरणे नव्हे. शरीरातील अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होणे, हा त्याचा खरा अर्थ. बाळाचे हातपाय गार पडतात, नाडी वेगाने चालते, लघवी कमी होते. छातीवर बोटाने दाबून सोडल्यावर त्वचेचा रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. एक किलो वजनाच्या बाळात एकूण रक्त जेमतेम ९० मिलिलिटर, म्हणजे कपभरही नसते. त्यामुळे जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव त्याला फार लवकर घेरतो.

अशा वेळी प्रथम शिरेतून थोडे सलाईन आणि नंतर डोपामिन किंवा अ‍ॅड्रिनलिनसारखी औषधे दिली जातात. तरीही काही बाळांचा रक्तदाब सावरत नाही. त्याचे एक कारण मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत दडलेले असते. ही ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करते. रक्तवाहिन्यांचा ताण टिकवणे आणि वरील औषधांना हृदय व रक्तवाहिन्यांनी प्रतिसाद देणे, ही कामे कॉर्टिसॉलवर अवलंबून असतात.

गर्भाची अधिवृक्क ग्रंथी शरीराच्या मानाने मोठी असते. पण तिचा बहुतेक भाग कॉर्टिसॉलसाठी नसतो. वारेला इस्ट्रोजेन बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल तो पुरवतो. कॉर्टिसॉल तयार करण्याची पूर्ण क्षमता गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत येते. त्याआधीच जन्मलेल्या बाळाची ग्रंथी संकटकाळी मागणी पुरी करू शकत नाही.

ही उणीव हायड्रोकॉर्टिसोनने भरून काढता येते. बरेचदा काही तासांतच रक्तदाब सुधारतो व इतर औषधांची मात्रा कमी करता येते. मात्र निदान सोपे नाही. कॉर्टिसॉलची कोणती पातळी अपुरी मानावी, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. तपासणीच्या निष्कर्षासाठी थांबायलाही वेळ नसतो. म्हणून निर्णय बाळाच्या प्रकृतीवरूनच घ्यावा लागतो. शिवाय हे औषध दुधारी आहे. त्याने रक्तातील साखर वाढू शकते आणि जंतुसंसर्गाचा धोका बळावतो. इंडोमेथासिनबरोबर दिल्यास आतड्याला छिद्र पडण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले आहे. त्यामुळे ते सरसकट न देता, इतर उपाय थकल्यावर, कमी मात्रेत व थोडे दिवस देण्याकडे कल असतो.

बचावाचा मार्ग जन्माआधीच सुरू होतो. मुदतपूर्व प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शने बाळाची फुप्फुसे परिपक्व करतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखवले. जन्मानंतर रक्तदाबासाठी औषधे लागण्याचे प्रमाणही त्यामुळे घटते. रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा गावपातळीवरील परिचारिकेनेही द्यावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१४ साली काढल्या. म्हणूनच दिवस भरण्याआधी कळा आल्या वा पाणी गेले, तर घरी वाट पाहत बसू नये. बाळाची ग्रंथी जे देऊ शकत नाही, त्याची काही सोय वेळेवर पोहोचलेल्या आईमार्फत करता येते.