लोकांनी दिलेले, सांभाळायचे कोणी?

विनामूल्य देऊ केलेली वस्तू नाकारणे हा जगाच्या व्यवहारात उद्धटपणा समजला जातो. एखाद्याने रात्रीचा दिवस करून काही घडवावे, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता ते सार्वजनिक कामाला अर्पण करावे आणि त्या कामाच्या चालकांनी ते परत पाठवावे, हे ऐकणाऱ्याला खटकल्यावाचून राहत नाही. मुक्तस्रोत आज्ञावल्यांच्या, म्हणजे ज्यांची मूळ संहिता सर्वांना वाचावयास, बदलावयास व वाटावयास खुली असते अशा आज्ञावल्यांच्या जगात मात्र हे नित्य घडते आणि त्यावरून वादही नित्य झडतात. हातात धरून खेळावयाच्या जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत हे वाद विशेष तीव्र होतात. विषय वरकरणी पोरखेळाचा वाटेल. वस्तुतः सार्वजनिक काम कोणाच्या मर्जीने आणि कोणाच्या श्रमाने चालावे, या जुन्याच प्रश्नाचे हे नवे रूप आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ हे यंत्र मार्च २००१ मध्ये जपानात विक्रीस आले. त्याचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, म्हणजे तळहाताहूनही लहान. तरीही जगभर त्याचे आठ कोटींहून अधिक नग खपले. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. उरलेली यंत्रे झिजत आहेत आणि अनेक खेळांच्या काडतुसांमधील बॅटऱ्याही संपत आल्या आहेत. असे यंत्र नाहीसे झाले तरी त्याचे खेळ चालावेत, म्हणून त्याचे सारे वागणे संगणकावर वा फोनवर वठविणारी आज्ञावली लिहिली जाते. तिला ‘इम्युलेटर’ म्हणतात. खेळांच्या बेकायदा प्रती वाटणे ही गोष्ट वेगळी आणि यंत्राची स्वतंत्र नक्कल लिहिणे वेगळे, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अशी नक्कल लिहिण्यासाठी मूळ यंत्राच्या आज्ञावलीचा अभ्यास करणे न्याय्य वापरात बसते, असा निर्णय अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० साली दिला होता.

या यंत्राचा दीर्घकाळ सर्वाधिक प्रचलित राहिलेला इम्युलेटर म्हणजे ‘व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्स’. ‘फरगॉटन’ असे टोपणनाव घेतलेल्या कर्त्याने तो सुरू केला. २००४-०५ नंतर मूळ काम थंडावले, पण लोकांचा उत्साह थंडावला नाही. कोणी त्यात दोन यंत्रे तारेने जोडून खेळण्याची सोय घातली, कोणी खेळाची प्रत्येक हालचाल नोंदवून पुन्हा चालविण्याची युक्ती बसविली, तर कोणी खेळाचे अंतरंग तपासण्याची साधने जोडली. प्रत्येकाची शाखा वेगळी, त्यामुळे एकीत जे होते ते दुसरीत नव्हते. पुढे या शाखांमधील उपयुक्त गोष्टी एकत्र आणण्यासाठी ‘व्हीबीए-एम’ हा उपक्रम निघाला. विखुरलेले लोकधन एका छपराखाली आणण्याचा तो प्रयत्न होता.

चुकीच्या पायावर घर

या इम्युलेटरच्या आश्रयाने आणखी एक वस्ती वाढली. ‘पोकेमॉन’सारख्या खेळांच्या संहितेत फेरफार करून हौशी मंडळींनी नव्या कथा, नवे नकाशे आणि नवी पात्रे असलेले खेळ रचले. ते रचताना त्यांनी तपासणी केली ती खऱ्या यंत्रावर नव्हे, तर बहुधा व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्सवर. हा इम्युलेटर अनेक ठिकाणी सैल होता. स्मृतीतील भलत्याच जागेला हात लागला की खरे यंत्र जिथे अडखळते, तिथे तो चूक पोटात घालून पुढे जाई. साहजिकच या हौशी खेळांतील कित्येक दोष त्यांच्या कर्त्यांच्या दृष्टीसच पडले नाहीत. घर उभे राहिले, लोक राहावयास आले. पाया मात्र चुकीचा होता.

पुढे विकी फाऊ यांचा ‘एमजीबीए’ हा इम्युलेटर २०१४ मध्ये लोकांपुढे आला. खऱ्या यंत्राशी इमान राखणे हे त्याचे ब्रीद. असे इमान राखताच काही हौशी खेळ बंद पडतात, आणि मग खेळणारा दोष देतो तो नव्या इम्युलेटरला. ‘जुन्यावर चालत होते, तुमच्यावर चालत नाही’ ही तक्रार त्याच्या दृष्टीने खोटी नसते. पण दुसऱ्याची चूक मुद्दाम नकलून घ्या, असे यंत्राची यथातथ्य नक्कल करू पाहणाऱ्याला सांगणे म्हणजे शुद्धलेखनाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी अशुद्ध लिहावे, असे सांगण्यासारखे आहे.

काटेकोरपणाचा हा आग्रह केवळ सोवळेपणातून आलेला नाही. २००४ मध्ये निन्टेन्डोने आपले जुने खेळ ‘क्लासिक एनईएस’ या मालिकेत गेम बॉय ॲडव्हान्ससाठी पुन्हा काढले, तेव्हा इम्युलेटरला चकविणारे अनेक सापळे त्यांत पेरले होते. स्मृतीचा एकच भाग दुसऱ्या पत्त्यावरही दिसतो की नाही, चित्रांसाठी राखलेल्या स्मृतीतून आज्ञा चालतात की नाही, अशा बारकाव्यांवर त्या खेळांची भिस्त होती. खेळ साठविण्याची सोयसुद्धा ते एका प्रकारची भासवीत आणि वापरीत मात्र दुसऱ्याच प्रकारची. ढोबळ नक्कल अशा ठिकाणी उघडी पडते.

एमजीबीएने अखेर मार्ग काढला तो तडजोडीचा. जुन्या इम्युलेटरच्या चुका सांभाळून घेण्याची सोय त्यात आली, परंतु ती केवळ फेरफार केलेल्या खेळांपुरती. मूळ खेळांना यंत्राचे खरे नियम लागू राहिले आणि ज्याला ही सवलत नको, त्याला ती बंद करता येते. सत्याला बाध न आणता लोकांची अडचण दूर करण्याचा हा उपाय सुज्ञपणाचा म्हटला पाहिजे.

स्वीकारानंतरचा दिवस

मग प्रत्येक मागणीसाठी एकेक कळ बसवून वाद मिटवावेत, असे कोणी म्हणेल. पण कळीलाही किंमत असते. चालू वा बंद अशा दोन स्थितींची एक कळ असेल, तर दहा कळींच्या एकूण १०२४ जुळण्या होतात. त्यांपैकी कोणत्या जुळणीत कोणता खेळ कोलमडेल, हे मूठभर स्वयंसेवकांनी फावल्या वेळात कसे तपासावे? नवी सोय लिहिणे हा चार रात्रींचा उत्साह असतो. ती वर्षानुवर्षे चालती ठेवणे ही नोकरी असते, आणि तीही बिनपगारी. देणारा बहुधा पुढच्या वर्षी परीक्षेत, संसारात वा दुसऱ्या छंदात गुंतलेला असतो. तक्रारी मात्र चालकाच्या दारी येतात.

काही सोयी तर नुसत्या संहितेने भागत नाहीत. सोनीचे ‘पीएसपी’ हे यंत्र २००४ मध्ये आले. एका खोलीत बसलेल्या खेळाडूंची यंत्रे बिनतारी जोडून त्यावर एकत्र खेळता येई. हेन्रिक रिडगोर्ड यांनी २०१२ मध्ये लोकांपुढे ठेवलेल्या ‘पीपीएसएसपीपी’ या इम्युलेटरवर हाच मेळ दूरदूरच्या खेळाडूंना इंटरनेटवरून जमविता येतो. पण त्यासाठी कोठे तरी एक सर्व्हर अहोरात्र चालू ठेवावा लागतो, त्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो आणि तो बंद पडला की दुरुस्तीला कोणाला तरी उठावे लागते. अशी सोय स्वीकारणे म्हणजे वस्तू घेणे नव्हे. ते कायमचे व्रत घेणे होय.

यात परवान्याचा पेच मिसळतो. योगदान देणाऱ्याचा आपल्या ओळींवरील स्वामित्वहक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. पुढे परवाना बदलण्याची वेळ आली, तर त्या प्रत्येकाची संमती शोधावी लागते. बहुतेकांच्या संगणकावर असलेल्या ‘व्हीएलसी’ या चित्रफिती दाखविणाऱ्या आज्ञावलीला हा अनुभव आला. परवान्याच्या अटी ॲपलच्या नियमांशी जुळत नसल्याच्या तक्रारीवरून जानेवारी २०११ मध्ये ती ॲपलच्या दुकानातून निघाली. अनेक सहकाऱ्यांच्या संमतीने परवाना बदलून ती परत आली, तेव्हा २०१३ साल उजाडले होते. आज हसतमुखाने घेतलेल्या देणगीचा हिशेब असा काही वर्षांनी पुढे येतो.

वेगळी चूल

चालकांचा नकार इतका सकारण असला, तरी त्यालाही मर्यादा हवी. ती मर्यादा मुक्तस्रोताच्या परवान्यातच आहे. ज्याला नकार पटत नाही, त्याने संपूर्ण संहिता उचलावी आणि वेगळी चूल मांडावी. शेताची वाटणी झाली की तुकडे लहान होतात. संहितेची वाटणी झाली तर दोन्ही भावांना अख्खे शेत मिळते. तुकडे पडतात ते मनुष्यबळाचे. एकच दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते आणि एकाच्या अंगणातील तक्रार दुसऱ्याच्या दारी जाते.

निन्टेन्डोच्या ‘थ्रीडीएस’ यंत्राचा ‘सिट्रा’ हा इम्युलेटर या दोन्ही बाजूंचा बोलका दाखला आहे. अँड्रॉइड फोनसाठी त्याची अधिकृत आवृत्ती २०२० मध्ये निघाली. परंतु काटेकोरपणापेक्षा वेगाला झुकते माप देणारी एक स्वतंत्र शाखा त्याआधीच फोनवर पोचली होती. साध्या फोनवाल्यांना ती प्रिय होती, कारण अचूक पण रखडत चालणारा खेळ त्यांच्या काय कामाचा? पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये निन्टेन्डोने ‘युझू’ या दुसऱ्या इम्युलेटरच्या कर्त्यांवर अमेरिकेत दावा लावला. मार्चमध्ये २४ लाख डॉलर देण्याच्या समेटाने तो मिटला आणि युझूबरोबर सिट्राचेही काम बंद झाले. मूळ घर असे एका दिवसात ओस पडले. पण संहिता ठिकठिकाणी रुजलेली होती. तिच्या दोन शाखा एकत्र येऊन २०२५ मध्ये ‘अझाहार’ हा नवा इम्युलेटर उभा राहिला. ज्या फुटीला एरवी शक्तीचा अपव्यय म्हटले जाते, तिनेच येथे वंश राखला.

या भांडणांकडे तटस्थतेने पाहणाऱ्याला म्हणूनच दोन हक्क समोरासमोर उभे दिसतात. चालकाला नाकारण्याचा हक्क आहे, देणाऱ्याला निघून जाण्याचा. पहिला नसेल तर काम ओझ्याखाली मोडते. दुसरा नसेल तर त्याची जहागीर होते. मात्र हक्क बजावण्याचीही रीत असते. काय घेतले जाईल आणि काय नाही, हे चालकांनी आधीच लिहून ठेवावे आणि नकाराला कारण जोडावे. देणाऱ्याने आपली भेट दारात ठेवून पाठ फिरवू नये. तिच्या दुरुस्तीसाठी काही काळ तरी हजर राहावे. आणि जो केवळ खेळतो, त्याने आपण ग्राहक नसून पाहुणे आहोत याचे भान ठेवावे.

पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर उपलब्धच नाहीत, असे ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ मधील पाहणीत आढळले. एका पिढीच्या करमणुकीचा, चित्रकलेचा आणि संगीताचा एवढा मोठा ठेवा कंपन्यांनी वाऱ्यावर सोडला असताना, तो जपण्याचे काम बिनपगारी माणसांच्या अंगावर पडले आहे. त्यांच्या कामात भर घालू इच्छिणाऱ्याने आपण काय देतो एवढेच पाहून भागणार नाही. ते उद्या कोण सांभाळणार, याचेही उत्तर त्याने बरोबर आणले पाहिजे.